घरचा पोहण्याचा हौद आणि त्याचें पाणी



नालासोपारा स्थानकावर उतरून समुद्राच्या बाजूस निघालें म्हणजे जुनें सोपारें मागें पडतें आणि थोड्याच वेळांत गास हा गांव लागतो. केळीच्या बागा, फुलझाडांचे वाफे, नारळीच्या रांगा, आणि वाडीवाडींतून विहीर किंवा बावखल, असें या भागाचें जुनें रूप. बावखल म्हणजे वाडींत खोदलेलें लहानसें तळें. पावसाचें पाणी त्यांत सांचावयाचें, हळूहळू जमिनींत मुरावयाचें, आणि त्याच्या जोरावर शेजारच्या विहिरीनें वैशाखापर्यंत आपली गोडी राखावयाची. आतां पुष्कळ वाड्यांच्या जागीं इमारती आल्या, कित्येक बावखलें बुजलीं, आणि अलीकडे जीं बंगलेवजा घरें उठलीं त्यांपैकीं कांहींच्या आवारांत पोहण्याचे हौद दिसूं लागले आहेत. हा बदल बरा कीं वाईट, हा प्रश्न मी आज बाजूला ठेवतों. ज्यांनीं हौद बांधला त्यांनीं त्यांतील पाण्याशीं कसें वागावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

माझे एक स्नेही गासला राहतात. त्यांचा हौद बेताचा आहे : ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरीनें सव्वा मीटर खोल, म्हणजे ४० घनमीटर, अर्थात् ४० हजार लिटर पाणी. एका मे महिन्यांत त्यांनीं मला तांतडीनें बोलावून घेतलें. नातवंडें सुटीला आलेलीं, आणि हौदाचें पाणी आधीं हिरवट व मग दुधासारखें पांढरट झालेलें. देखभालीचा माणूस रोज संध्याकाळीं ब्लीचिंग पावडर टाकीत होता. पाणी सुधारेना म्हणून दोन दिवसांनीं त्यानें माप दुप्पट केलें, आठवड्यानें चौपट केलें. तरी मुलांचे डोळे लाल होत होते, नाकाला झोंबणारा वास येत होता, आणि तळाची फरशी तर दिसेनाशीच झाली होती. स्नेही म्हणाले, "क्लोरिन फार झालेलें दिसतें. सगळें पाणी सोडून देतों आणि विहिरीवरून नवें भरून घेतों."

त्यांच्या मातोश्री ओटीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, एवढं पाणी आत्तां उपसलंस तर विहीर मचूळ होईल. मग केळीला काय घालणार आहेस, समुद्र?"

आजींची भीति अनाठायीं नव्हती. समुद्रकांठच्या भूमींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण खारें पाणी त्याहून जड. घायबेन व हर्झबर्ग या दोघा युरोपीय शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं याचा हिशेब मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून जितकी वर असेल, त्याच्या सुमारें ४० पट तो गोडा थर समुद्रसपाटीच्या खालीं उतरलेला असतो. हाच हिशेब उलट वाचावा. उपशामुळें पातळी एक फूट खालीं गेली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें ४० फूट वर चढूं पाहतें. प्रत्यक्षांतील जमीन इतकी नियमानें वागत नाहीं, परंतु दिशा हीच असते. तेव्हां अशा गांवीं, ऐन उन्हाळ्यांत, बिघडलेलें पाणी फेंकून नवें भरणें ही चैन आहे, आणि तिची किंमत एकट्या हौदाच्या मालकाला भरावी लागत नाहीं; शेजारच्या वाड्यांनाहि ती पोंचते. मला सांगावयाचें आहे तें हेंच कीं, फेंकावें लागणार नाहीं अशा रीतीनें हें पाणी राखतां येतें, आणि त्यासाठीं लागणारें रसायनशास्त्र स्वयंपाकघरांतील हिशेबाहून अवघड नाहीं.

मीं सोबत तपासणीची लहानशी पेटी नेली होती. पाणी तपासलें तेव्हां क्लोरिन होतें, पुष्कळ होतें. परंतु पाण्याचा सामू निघाला ८.४. सगळ्या दुखण्याचें मूळ तेथें होतें.

सामू हा शब्द शेतकरी श्रोत्यांना मातीच्या तपासणीमुळें परिचित असेल. पाणी अम्ल आहे कीं अल्कधर्मी, हें सांगणारा तो आंकडा. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन या रसायनज्ञानें १९०९ सालीं ही मोजपट्टी प्रचारांत आणली. शुद्ध पाणी ७ वर, त्याखालीं अम्ल, त्यावर अल्क. या मोजपट्टीवरील एक घर म्हणजे दहापटीचा फरक, हें मात्र ध्यानांत ठेवावें, ७.४ आणि ८.४ हे आंकडे दिसावयास जवळचे असले तरी स्वभावानें फार दूरचे आहेत.

आतां क्लोरिनकडे वळूं. पावडर टाका, द्राव ओता किंवा गोळी सोडा, पाण्यांत गेल्यावर क्लोरिनचीं दोन रूपें होतात. एकाला हायपोक्लोरस अम्ल म्हणतात. तें जंतूच्या कवचांतून सहज आंत शिरतें आणि त्याला मारतें. दुसरें रूप विद्युद्भारित आहे. जंतूचें कवच त्याला बहुधा बाहेरच अडवितें, आणि मारण्याच्या कामीं तें फार मंद ठरतें. या दोहोंची वांटणी ठरविणारा अधिकारी म्हणजे सामू. सामू ७.२ असेल तर सुमारें दोन-तृतीयांश क्लोरिन कामाच्या रूपांत असतें, ७.५ ला निम्में, ८ ला जेमतेम चौथाई, आणि ८.५ च्या सुमारास दहावा हिस्साहि धड उरत नाहीं. माझ्या स्नेह्यांच्या हौदांत फौज मोठी होती, पण तिच्यांतील दहांपैकीं नऊ शिपायांच्या हातांत शस्त्र नव्हतें. शेवाळाला तेवढी सवलत पुरली, आणि पाणी हिरवें झालें.

मग तें पांढरें कशानें झालें? साधी ब्लीचिंग पावडर चुन्यापासून बनते. स्कॉटलंडमधील टेनंट या उद्योजकानें १७९९ सालीं विझविलेल्या चुन्यावर क्लोरिन वायु सोडून ती तयार करण्याचा हक्क घेतला, आणि आजहि तिची घडण मूलतः तीच आहे. म्हणजे प्रत्येक मुठीबरोबर क्लोरिन जातें तसा चुनाहि जातो. चुना सामू वर चढवितो आणि पाण्यांतील कॅल्शियम वाढवितो. आमच्या स्नेह्यांच्या विहिरीचें पाणी मुळांतच दुष्फेन होतें. साबणाचा फेस होत नाहीं, डाळ लवकर शिजत नाहीं, आणि जुन्या तांब्याच्या बंबाच्या तळाशीं पांढरीं पुटें धरतात, तें पाणी. अशा पाण्याचा सामू चढला कीं त्यांतील कॅल्शियम चुनखडीच्या कणांच्या रूपानें बाहेर पडतें. बंबांत जें उष्णतेनें होतें तें येथें पावडरीनें झालें. देखभालीचा माणूस ज्याला औषध समजत होता, त्याच्या प्रत्येक मापानें दुखणें वाढत होतें. त्याचा दोष नाहीं. त्याला पावडरीचा डबा दिला होता, तपासणीची पेटी कोणीं दिली नव्हती.

राहतां राहिला तो वास. क्लोरिनचा म्हणून जो वास आपण ओळखतों, तो पोहण्याच्या हौदावर बहुधा क्लोरिनचा नसतो. घाम, मूत्र, अंगावरील मळ यांतून पाण्यांत अमोनियाच्या जातीचे पदार्थ उतरतात. क्लोरिन त्यांच्याशीं संयोग पावून क्लोरामाइन नांवाचीं संयुगें होतात, आणि डोळे चुरचुरविणारीं, नाकाला झोंबणारीं तींच. वास येऊं लागला म्हणजे क्लोरिन फार झालें असा आपला समज होतो. खरें पाहतां मोकळें क्लोरिन कमी पडून गुंतलेलें क्लोरिन सांचलेलें असतें. त्यावर उपाय विचित्र वाटेल, पण तो क्लोरिन वाढविण्याचाच आहे. गुंतलेल्या क्लोरिनच्या सुमारें दहापट क्लोरिन एकाच वेळीं, सूर्यास्तानंतर, घालावें म्हणजे तीं संयुगें मोडतात. आणि मोजमाप पुन्हां नेहमीच्या मर्यादेंत येईपर्यंत कोणी हौदांत उतरूं नये. त्याहून सोपा उपाय हौदाच्या बाहेर आहे. आमच्याकडे मुलांच्या डोक्याला चांगलें चपचपीत खोबरेल लावून त्यांना पोहावयास पाठविण्याची चाल आहे. आधीं साबणानें स्वच्छ आंघोळ, मग हौद, हा क्रम पाळला तर क्लोरिनची निम्मी मेहनत वांचते.

हें गुंतलेलें आणि मोकळें क्लोरिन वेगवेगळें ओळखावयाचें कसें, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण येथें चांगलीं शिकलेलीं माणसेंहि फसतात. आपल्या ग्रामपंचायतींत नळाच्या पाण्याची तपासणी करतांना पाण्यांत औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग पाहतात. ती ऑर्थोटोलिडिनची परीक्षा. नळाच्या पाण्याला ती चालून जाते. परंतु तो पिवळा रंग मोकळ्या आणि गुंतलेल्या, दोन्हीं क्लोरिनमुळें येतो. हौदाच्या बाबतींत तो दिशाभूल करतो. पेलिन या इंग्रज रसायनज्ञानें १९५७ सालीं दुसरी परीक्षा दिली, तिला डीपीडी म्हणतात. हिच्यांत रंग गुलाबी येतो आणि मोकळें क्लोरिन तेवढें वेगळें मोजतां येतें. घरच्या हौदासाठीं हीच घ्यावी. हिचीहि एक खोडी आहे. क्लोरिन फारच अधिक असेल तर तें त्या गुलाबी रंगालाच विरंजित करतें आणि पाणी रंगहीन दिसतें. रंग क्षणभर चमकून नाहींसा झाला, तर तें शून्य समजूं नये. तें अतिरेकाचें लक्षण आहे. हौदांतील एक भाग पाणी विहिरीच्या नऊ भाग पाण्यांत मिसळून पुन्हां पाहावें.

मर्यादा कोणत्या? जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं पोहण्याच्या तलावांविषयीं मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यांत क्लोरिन वापरणाऱ्या तलावांसाठीं सामू ७.२ ते ७.८ असा सांगितला आहे. घरीं ७.४ च्या आसपास ठेवण्याचा यत्न करावा. मोकळें क्लोरिन लिटरमागें १ ते ३ मिलिग्रॅम असावें. आमच्या ४० हजार लिटरच्या हौदाचा हिशेब मांडून दाखवितों, म्हणजे आपापल्या हौदाचा आपल्याला करतां येईल. लिटरमागें १ मिलिग्रॅम वाढविण्यास निव्वळ क्लोरिन ४० ग्रॅम लागतें. ताज्या ब्लीचिंग पावडरींत तें सुमारें ३३ टक्के धरलें तर पावडर १२० ग्रॅम. ६५ टक्क्यांची दाणेदार पावडर असेल तर सुमारें ६२ ग्रॅम. १० टक्क्यांचा सोडियम हायपोक्लोराइटचा द्राव असेल तर ४०० मिलिलिटर. मात्र "ताजी" हा शब्द विसरूं नये. कोंकणच्या दमट हवेंत उघडा राहिलेला डबा कांहीं आठवड्यांतच निःसत्त्व होतो, आणि बंद कॅनमधील द्रावहि उन्हाळ्यांत आपलें बळ गमावीत असतो. म्हणून डब्यावरील आंकड्यापेक्षां पेटींतील रंगावर भरंवसा ठेवावा.

स्नेह्यांच्या हौदाचें आम्हीं काय केलें तें सांगतों. पावडर बंद केली. सामू उतरविण्यासाठीं हायड्रोक्लोरिक अम्ल घेतलें. एका प्लॅस्टिकच्या बादलींत आधीं पाणी घेऊन त्यांत पाव लिटर अम्ल सावकाश सोडलें; तें मिश्रण पंपाचें पाणी जेथें हौदांत परत येतें तेथें, वारा पाठीशीं घेऊन, धारेनें ओतलें; मग चार तास पंप चालवून पुन्हां मोजलें. असें पाव-पाव लिटर करीत चार दिवसांत सुमारें ३ लिटर अम्ल लागलें. घाई केली असती तर सामू एकदम खालीं जाऊन सिमेंट आणि शिडीचें लोखंड खाल्लें गेलें असतें. सामू ७.५ च्या खालीं आला तसे चुनखडीचे कण विरघळूं लागले, उरलेले वाळूच्या गाळणीनें धरले, आणि हौदांत असलेलेंच क्लोरिन जागें झालें. नवी पावडर न घालतां शेवाळ मेलें. चौथ्या दिवशीं तळाची फरशी स्पष्ट दिसूं लागली. पाणी गेलें तें गाळणी उलट धुण्यापुरतें.

तळ दिसणें ही शोभेची गोष्ट नाहीं, हें येथें सांगून ठेवतों. गढूळ हौदांत बुडालेलें मूल कांठावरच्या माणसाला दिसत नाहीं. सर्वांत खोल जागेची फरशी दिसत नसेल, तर सामू आणि क्लोरिन कितीहि चांगलें असो, त्या दिवशीं हौद बंद.

आतां जंतूंविषयीं थोडें. मलांतून पाण्यांत येणारे ई. कोलायसारखे नेहमींचे जीवाणु लिटरमागें १ मिलिग्रॅम मोकळ्या क्लोरिननें, सामू ७.५ असतां, मिनिटभरांत मरतात. कावीळ अ चा विषाणु पाव तासाच्या आसपास टिकतो, जिआर्डिया हा परोपजीवी पाऊण तास. पण क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा जुलाबाचा परोपजीवी त्याच पाण्यांत दहा दिवसांहून अधिक जिवंत राहतो. त्याला हौदाच्या बाहेर ठेवणें हाच उपाय. ज्या मुलाला जुलाब होत आहेत, त्याला ते थांबल्यानंतरहि दोन आठवडे हौदांत उतरूं देऊं नये. केरळांत २०२४ व २०२५ या वर्षीं अमीबाजन्य मेंदूज्वरानें मुलें व मोठीं माणसें दगावलीं, तें पुष्कळांनीं वाचलें असेल. तो अमीबा कोंबट, गोड्या, निगा न राखलेल्या पाण्यांत वाढतो आणि नाकावाटे शिरतो. प्यालेल्या पाण्यानें तो होत नाहीं. क्लोरिन योग्य असलेल्या हौदांत तो तग धरीत नाहीं. म्हणजे "आठ दिवस कोणी पोहणार नाहीं, तर क्लोरिन कशाला" ही काटकसर उन्हाळ्यांत करूं नये.

येथें उन्हाचा प्रश्न येतो. स्वच्छ दुपारच्या उन्हांत मोकळें क्लोरिन तासाभरांत निम्म्यानें उडून जाऊं शकतें. त्यावर उपाय म्हणून सायन्यूरिक अम्ल वापरतात. तें क्लोरिनला सावली धरतें. लिटरमागें ३० मिलिग्रॅम असलें कीं पुरे. परंतु हीच सावली दाट झाली कीं क्लोरिन तिच्यांत झोंपतें. बाजारांत ज्या सोयीच्या पांढऱ्या गोळ्या मिळतात, त्यांपैकीं पुष्कळ ट्रायक्लोरच्या असतात आणि त्यांत हें अम्ल बांधलेलेंच असतें. त्या गोळ्यांनीं दर १० मिलिग्रॅम क्लोरिनमागें सुमारें ६ मिलिग्रॅम सायन्यूरिक अम्ल पाण्यांत शिरतें. क्लोरिन वापरलें जातें. अम्ल तसेंच उरतें. दिवसाला २ मिलिग्रॅम क्लोरिन लागत असेल तर तीन महिन्यांत तें शंभराच्या पलीकडे जातें, आणि मग तें काढावयाचा घरगुती मार्ग एकच, पाणी बदलणें. विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या हौदांत या गोळ्या रोजच्या वापरासाठीं घेऊं नयेत असें माझें स्पष्ट मत आहे. सुरुवातीला एकदां सायन्यूरिक अम्ल मापून घालावें आणि रोज हायपोक्लोराइटचा द्राव वापरावा. द्रावांत चुनाहि नसतो, त्यामुळें दुष्फेन पाण्याला तो अधिक मानवतो. कामाला थोडा त्रास पडतो खरा.

त्रासापेक्षां धोका मोठा आहे, आणि तो न सांगतां पुढें गेलों तर माझ्याकडून कर्तव्यांत कसूर होईल. कांहीं वर्षांपूर्वीं एका बंगल्यांत मीं पाहिलेली गोष्ट. माळ्यानें ज्या बादलींत पावडर कालवली होती, तीच न धुतां तिच्यांत अम्ल ओतलें. क्षणांत हिरवट-पिवळा वायु उसळला. तो माणूस उघड्यावर होता आणि वारा होता, म्हणून दोन दिवसांच्या खोकल्यावर निभावलें. बंद पंपघरांत असता तर निभावलें नसतें. हा तोच वायु, जो १९१५ च्या एप्रिलांत बेल्जममधील ईप्र येथें रणांगणावर सोडण्यांत आला होता. तेव्हां अम्ल आणि क्लोरिनची कोणतीहि वस्तु एका खोलींत ठेवूं नये, एका बादलींत घेऊं नये, एका वेळीं हौदांत घालूं नये. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर या दोहोंचा ओलसर संयोग तर स्फोटाला कारण होतो. एकीचें माप दुसरीच्या डब्यांत बुडवूं नये. पावडर किंवा अम्ल पाण्यांत घालावें, त्यांवर पाणी ओतूं नये. आणि मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर यांतील कांहींच असूं नये.

विहिरीच्या पाण्याच्या आणखी दोन खोड्या सांगतों. पाण्यांत लोह असेल तर क्लोरिन घालतांच स्वच्छ दिसणारें पाणी चहासारखें तांबूस होतें. घाबरूं नये, विरघळलेलें लोह गंजाच्या रूपानें बाहेर आलें इतकेंच. गाळणी चालवावी, ती तें धरते. दुसरी खोडी बाष्पीभवनाची. उन्हाळ्यांत दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडतें असें धरलें, तर ३२ चौरस मीटरच्या हौदांतून रोज १६० लिटर जातात. जातें तें शुद्ध पाणी. क्षार मागें राहतात. त्याची भर आपण पुन्हां विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें करतों. बंबांत होतें तेंच हौदांत, फक्त सावकाश. म्हणून हौद वापरांत नसेल तेव्हां त्यावर आच्छादन घालावें. पाणी वांचतें आणि क्लोरिनहि. विहीर मचूळ होऊं लागली असेल, तर शिडी आणि पंपाचे लोखंडी भाग गंजूं लागतात, हेंहि पाहत असावें.

आतां पावसाकडे येतों, कारण गासच्या हौदवाल्यांना ही देणगी फुकट मिळाली आहे आणि तिचा उपयोग फारसा कोणी करीत नाहीं. या किनारपट्टीवर पावसाळ्यांत २ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ३२ चौरस मीटरच्या उघड्या हौदावर त्याचें पाणी ६४ हजार लिटर होतें, म्हणजे हौदाच्या दीडपटीहून जास्त! हौद भरलेला ठेवून जास्तीचें पाणी वाहूं दिलें, आणि पावसांत पंप चालूं ठेवून वरचें पाणी खालच्यांत मिसळत राहूं दिलें, तर हंगामाच्या शेवटीं उन्हाळ्यांत सांचलेल्या क्षारांचा आणि सायन्यूरिक अम्लाचा जेमतेम पांचवा हिस्सा उरतो. पंप बंद ठेवला, तर हलकें पावसाचें पाणी वरच्यावर वाहून जातें आणि लाभ हुकतो. मे महिन्यांत विहीर उपसून जें साधावयाचें, तें पाऊस चार महिन्यांत आपोआप साधतो. तोंपर्यंत कळ काढतां आली पाहिजे, आणि सामू ताब्यांत असला तर ती काढतां येते.

पावसाची एक उणी बाजूहि आहे. पावसाच्या पाण्यांत सामूला स्थिर धरून ठेवणारें अल्कत्व नसतें. तें लिटरमागें ८० ते १२० मिलिग्रॅम असावें लागतें. त्याहून फार घसरलें तर थोड्याशा अम्लानेंहि सामू कोसळतो. उपाय स्वयंपाकघरांत आहे. खाण्याचा सोडा! ४० हजार लिटरला १० मिलिग्रॅम अल्कत्व वाढविण्यास सुमारें ६७० ग्रॅम सोडा पुरतो. कॅल्शियमहि पावसाबरोबर वाहून जातें, आणि भुकेलें पाणी मग तें फरशीच्या सांध्यांतून काढून घेऊं लागतें. पाणी चुनखडी सोडील कीं खाईल, हें वर्तविण्याचें गणित कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लँजेलियर यांनीं १९३६ सालीं मांडलें आहे. म्हणून पावसाळा संपल्यावर कांहीं आठवडे तीच चुन्याची ब्लीचिंग पावडर वापरावी, जिला उन्हाळ्यांत मीं मना केली. तिचा चुना त्या वेळीं औषध ठरतो.

बाहेर जाणारें पाणी मात्र बावखलांत सोडूं नये. आपल्याला न जाणवणारें, लिटरमागें मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतकें क्लोरिनहि माशांना बाधतें. तें मातीवरून, झाडाझुडपांतून जाऊं द्यावें. गाळणी धुतलेलें पाणी बागेला द्यावयाचें असेल तर पिंपांत उन्हांत दोन दिवस ठेवून, क्लोरिन शून्य झाल्याची खात्री करून मग द्यावें.

त्या वर्षीं भाद्रपदाच्या अखेरीस मी पुन्हां गासला गेलों. हौदाचें अल्कत्व ४५ वर उतरलें होतें. आम्हीं पावणेतीन किलो सोडा दोन हप्त्यांनीं घातला. सामू ७.४ आला. देखभालीच्या माणसानें आतां पेटी स्वतःजवळ ठेवली होती आणि रोजचे आंकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहिले होते. गाळणी धुतलेलें पाणी भरलेलें एक पिंप उन्हांत उभें होतें. आजींनीं विचारलें, "हें केळीला चालेल का?" क्लोरिन तपासलें, तें शून्य होतें. क्षार मोजले, तेहि मे महिन्यांतील त्यांच्या विहिरीच्या पाण्याहून पुष्कळ कमी भरले. नळी केळीच्या आळ्यांत सोडण्यांत आली.